रुमालाखालचा हात

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतपूजेला, सकाळपासून आभाळ गच्च होतं. पाऊस येणार नव्हता आणि ऊनही पडणार नव्हतं, नुसतीच कोंदट हवा. असल्या हवेत तुरीच्या शेंगेत अळी पडते, आणि अळी पडली की शिवराज घरातल्या सगळ्यांवर खेकसतो. निम्म्या कमलनगरसारखाच तोही आज दुकान बंद करून घरच्यांना घेऊन शेतात आला होता. कडब्याची कोप उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड मांडले होते, आंबिलीचं मडकं ओल्या फडक्यानं झाकलं होतं. शेजारच्या शेतांतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, कुणीतरी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली होती. शिवराजचे वडील राघोबा यांच्या कोपीत मात्र पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, पंगत बसली, तरी कुणी धड बोलत नव्हतं. शिवराजच्या बहिणीनं, दीपमालानं, सकाळीच एमबीएला जायचा विषय काढून ठेवला होता.

"आज संध्याकाळपतोर बंगळूरवाल्यांना व्हय का न्हाई ते कळवायचंय, अण्णा," ती पुन्हा म्हणाली. "न्हाई कळवलं तर जागा पुढच्याला जाती."

"मग हैदराबादचं काय झालं?"

"तिथं बी नंबर लागलाय."

"मग तेच कर की!" शिवराजनं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीत बाजरीचा उंडा कुस्करला. "शनवार-रविवार जायचं, सोमवारी हापिसात हजर. नोकरी ऱ्हाती, अप्पा तुझ्यापाशी ऱ्हातेत. यात अवघड काय हाय, मला तर कळंना."

बहिणीच्या हुशारीबद्दल शिवराजला शंका नव्हती. बियाणं कंपनीचा तीन तालुक्यांचा कारभार दीपमाला कलबुर्गीत बसून चालवते, हे तो दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा. पण चाळिशीला टेकलेल्या बाईनं चांगली नोकरी सोडून वर्षभर वसतिगृहात राहायचं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्यातून अप्पांना वारा गेल्यापासून, म्हणजे त्यांची उजवी बाजू लुळी पडल्यापासून, ते आणि माय दीपमालाकडंच होते. तिच्या घराजवळ व्यायाम करून घेणारा डॉक्टर होता. आता कुठं अप्पा काठी धरून चालायला लागले होते. हे सगळं आता आपल्या अंगावर येणार, आणि तेही तूर बाजारात यायच्या दिवसांत, या विचारानं शिवराज धास्तावला होता. तो माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त घडी मोडलेली चालत नव्हती, मग ती दुसऱ्या कुणी घातलेली का असेना.

"हैदराबादचं केलं तर मी हाय तिथंच ऱ्हाते," दीपमाला म्हणाली. "सायबांनी तोंडावर सांगितलंय. शिका म्हणाले, आमची ना न्हाई, पण वरच्या खुर्चीचं काही बोलू नका. बंगळूरला तसं न्हाई. शेवटाला दुसऱ्या कंपन्या नोकरी द्यायला येतेत. मला गोदामाचं, माल हलवायचं काम पायजे. आजून वीस वर्सं गावोगाव फिरून बियाणं खपवत बसू का?"

"तुझा सायब तुझ्यापरीस ल्हान हाय, ते टोचायलंय तुला."

"व्हय, टोचायलंय. मी शिकवलंय त्याला काम. आता मी रजेचा अर्ज त्याच्याकडं देते."

"घरी बसून फोनवर बी करतेत म्हणं असली एमबीए."

"करतेत. ती केली तर कुणी काळं कुत्रं विचारणार न्हाई."

शिवराजनं ताट पुढं सरकवलं. "अन् अप्पा?"

हा प्रश्न सकाळपासून सगळ्यांमध्ये येऊन बसला होता, नाव तेवढं कुणी घेतलं नव्हतं. ज्यांच्याबद्दल तो होता ते राघोबा कोपीच्या तोंडाशी खुर्चीवर बसून तुरीच्या फडाकडं बघत होते.

"वर्षभर हितं ऱ्हातील, तुझ्याकडं," दीपमाला हळू आवाजात म्हणाली.

"हितं कोण व्यायाम करून घेणार? उदगीरला न्यावं लागंल. कोण नेणार? मी का स्नेहा?"

स्नेहा, शिवराजची बायको, उंड्यांचं टोपलं घेऊन वाढत होती. आपलं नाव निघालं तरी तिनं मान वर केली नाही. या घरात तिचं नाव असंच निघायचं, काम कुणावर पडणार हे सांगताना. तिला काय वाटतं हे विचारायला ते नाव निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा बी.एड.ला नंबर लागला होता. तेव्हा भांडणही झालं नाही आणि बैठकही बसली नाही. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, आता कुठं जातीस, आणि विषय संपला. आज नणंदेसाठी सगळं घर ताटावर भांडत होतं. स्नेहाला आधी तिचा राग आला. मग वाटलं, निदान हिच्यासाठी भांडण तरी होतंय.

"मी नेईन उदगीरला," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नवरा म्हणाला, "हिला तर घरचंच आवरंना," आणि ती पुढच्या ताटाकडं वळली.

"रुमाल काढा," राघोबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. आजारानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण हे दोन शब्द स्वच्छ आले.

राघोबांनी उभा जन्म बैलबाजारात दलाली केली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमाल टाकायचा, खाली हातात हात घ्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी देणारा, घेणारा आणि दलाल यांच्याशिवाय कुणाला काही कळत नाही. हीच रीत राघोबांनी घरात आणली होती. कुठल्या गोष्टीवर घर फुटायला लागलं की ते खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचे. एकेकानं यायचं, खाली हात घालायचा. एक बोट धरलं तर हो, दोन धरली तर नाही. ज्याच्याबद्दल ठरायचं त्यानं लांब बसायचं. राघोबा निकाल सांगायचे, आणि कुणी किती बोटं धरली हे पुन्हा आयुष्यात विचारायचं नाही. थोरल्या चुलत्याशी वाटणी याच रुमालाखाली झाली. आणि नवऱ्याचं घर सोडून एक पिशवी घेऊन दीपमाला दारात उभी राहिली होती, तेव्हा तिला घरात घ्यायचं की परत धाडायचं, हेही याच रुमालाखाली ठरलं होतं.

म्हणून दीपमाला काही न बोलता उठली. या रुमालानं तिला एकदा पदरात घेतलं होतं. त्याच्याशी वाद घालायची तिची छाती नव्हती.

"एक बोट म्हंजी बंगळूरला जाऊ दे," राघोबा म्हणाले. "दोन म्हंजी कलबुर्गीतच राहून हैदराबादचं करू दे. या."

त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा रुमाल ओढून उजव्या हातावर टाकला. दीपमाला बांधावर जाऊन पाठमोरी बसली. परीक्षेची गणितं तिनं अप्पांच्या व्यायामाच्या वेळी सोडवली होती, आत अप्पा कण्हायचे आणि बाहेर बाकावर ती पेन्सिल चावायची. मुलाखतीत एकानं विचारलं होतं, इतक्या उशिरा का? ती म्हणाली, आधी कुणी सांगितलंच नाही की मला जमेल. तिघं हसले होते, पण वाईट हसले नव्हते. त्या दिवशी घरी परत येताना ती बसमध्ये एकटीच हसत होती.

शिवराज पहिला गेला. त्यानं रुमालाखाली हात घातला, बापाची दोन बोटं घट्ट धरली, बाजारातल्यासारखी, आणि मान खाली घालून बाजूला झाला.

मग स्नेहा. सासऱ्यांचा हात जड आणि थंडगार होता. आपण एक बोट धरतोय हे तिला धरल्यावरच कळलं. उदगीरच्या खेपा, अंघोळ घालणं, रात्रीची जागरणं, सगळं तिला डोळ्यांपुढं दिसत होतं, तरी तिनं बोट सोडलं नाही. माझं राहिलं, हिचं तरी होऊ दे. वर बघितलं तर राघोबा तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते. ती गडबडून मागं सरली.

शेवटी माय, राजूबाई.

राजूबाईला उठायला वेळ लागला, आणि तो गुडघ्यांमुळं नव्हता. आठवड्याखाली कलबुर्गीत तिनं नवऱ्याच्या हातात चहाचा स्टीलचा गेलास दिला होता. तिला स्वतःला तो पदरानं धरावा लागला होता, इतका पोळत होता. राघोबांनी तो उजव्या हातात धरून निवांत बोलणं चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले. "माशी चावली," ते म्हणाले, आणि वर, "पोरीला सांगू नगंस." डॉक्टर तर म्हणाला होता, हातात जोर आला, छान झालं. जोर आला होता. बाकीचं काय आलं नाही, हे राजूबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं रुमालाखाली हात घातला. फोडांची खरखर तिच्या बोटांना लागली. तिनं एक बोट धरलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं. जाऊ दे लेकीला. दलालानं उलट दाबून 'कळलं' म्हणायचं असतं. ती थांबली. काहीच आलं नाही. तिनं हात काढून घेतला, आणि मग रुमालाखाली राघोबांची मूठ मिटताना दिसली, रिकामीच.

राघोबांनी तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग रुमाल उचलून खांद्यावर टाकला.

"हैदराबाद," ते म्हणाले. "पोरगी कलबुर्गीतच ऱ्हाईल."

बांधावर दीपमालाचे खांदे जरासे खाली आले. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"बरं, अप्पा," ती म्हणाली. पर्समधून फोन काढला आणि तुरीच्या कडेकडेनं विहिरीकडं चालायला लागली, तिथं रेंज बरी येते.

"चला, सुटलं एकदाचं," शिवराज म्हणाला. त्याच्या आवाजात हलकेपणा आला होता आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती, म्हणून तो अळी बघायला फडात शिरला. स्नेहानं ताटं गोळा केली. जाता जाता तिनं सासूकडं असं काही बघितलं की राजूबाई चपापली. आपण एक धरलं, शिवराजनं दोन धरली असणारच, म्हणजे लेकीचा गळा कापला तो आईनंच. स्नेहाच्या डोळ्यांत हा हिशेब उघड दिसत होता. तिनं ताटं इतक्या जोरात आपटली की एक वाटी उडून मातीत पडली.

आणि त्या आपटण्यावरूनच राजूबाईला कळलं की सुनेनंही एकच धरलं होतं.

ती नवऱ्याच्या खुर्चीशी येऊन जमिनीवर बसली. भोवती कुणी नव्हतं.

"मी किती धरली व्हती?"

राघोबा फडाकडं बघत राहिले.

"अवं, मी काय विचारायले? किती धरली व्हती मी?"

"दोन."

"एक धरलं व्हतं. सुनंनं बी एकच धरलं. तुमच्या हाताला काय बी कळंना झालंय."

राघोबांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला.

"तोंडं बघितली मी," ते म्हणाले. "सगळ्याची तोंडं पडली व्हती. वाटलं, न्हाईच म्हणायलेत." मग खूप हळू, "मला बी वाटलं, ऱ्हावं तिनं. मला आंघोळ ती घालती, तवा लाज वाटत न्हाई. सुनंची वाटती."

राजूबाईला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांचं तोंड पदरानं पुसावंसं वाटलं. लाळ आली होती.

"रुमालावर खोटं बोललाव तुमी."

"पयल्यांदा न्हाई." राघोबा म्हणाले. "ती पिशवी घेऊन आली तवा तू किती धरली व्हतीस?"

तेव्हा शिवराजचं लग्न ठरायचं होतं. नवरा सोडून आलेली बहीण घरात असली तर सोयरीक मोडेल, असं सगळे म्हणत होते. तिनं दोन धरली होती. निकाल लागला, पोरगी घरात आली, तेव्हा राजूबाई देवासमोर रडली होती, की बाकीच्यांनी एक धरलं म्हणून बरं झालं.

"तू दोन. शिवराज दोन. माझा भाऊ बी दोन," राघोबा म्हणाले. "तवा हात चांगला व्हता माझा. सगळं कळलं व्हतं. तरी म्हणलो, ऱ्हाऊ दे. तवा खोटं बोललो ते ग्वाड लागलं तुला."

शेजारच्या शेतातली गाणी बंद झाली होती. राजूबाई कडब्याची एक काडी मोडत बसली.

"जाऊन सांग तिला," राघोबा म्हणाले. "म्हणावं, बापाचा हात मेलाय. सांग सगळ्याला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पर मग ह्यो रुमाल माझ्या खांद्यावर ठिवू नगंस. चुलीत घाल."

राजूबाई उठली. गुडघे धरून ती विहिरीकडं निघाली. आता सांगायचंच, असं ठरवून निघाली होती. वाटेत तुरीच्या शेंगा तिच्या पदराला अडकत होत्या आणि ती त्या ओढून सोडवत होती. आपण एकदा लेकीला दार लावायला निघालो होतो. आज तरी उघडून देऊ.

दीपमाला विहिरीच्या काठावर बसली होती. फोन मांडीवर होता.

"कळवलंस व्हय?"

"कळवलं."

"आता मागं घेता येतंय का? म्हंजी समज, आपण परत व्हय म्हणलं तर?"

"न्हाई, माय. ते म्हणाले, तुमच्या मागं एक बाई वाट बघायली व्हती, तिला आत्ताच फोन लावतो." दीपमाला हसायचा प्रयत्न करत होती. "तिच्या घरी रुमाल नसंल."

राजूबाई तिच्याशेजारी बसली. विहिरीत पाणी खोल गेलं होतं आणि त्यात आभाळाएवढाच करडा रंग होता. आता सांगून काय होणार होतं? जागा गेली ती गेली. सांगितलं तर बापाचा हात गेलेला कळेल, आणि कुणासाठी आपलं वर्ष बुडालं हेही कळेल. उद्या पुन्हा त्याच बापाला हीच अंघोळ घालणार होती.

"रुमालाचं विचारू नये, मला म्हाईत हाय," दीपमाला म्हणाली. "तरी विचारते. वहिनीनं न्हाई म्हणलं तर मी समजू शकते, तिच्यावरच पडलं असतं सगळं. अण्णाचं तर म्हाईतच व्हतं. पर तू, माय? तू किती धरलीस?"

राजूबाईच्या ओठावर 'एक' आलं होतं. एक म्हटलं तर ही वहिनीकडं जाणार. वहिनीही एकच सांगणार. मग दोघी मिळून कोपीच्या तोंडाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्यापुढं जाऊन उभ्या राहणार.

"दोन," ती म्हणाली.

दीपमालानं मान हलवली. तिनं रडावं, ओरडावं, असं राजूबाईला फार वाटत होतं. ती फक्त उठली आणि कपड्याला लागलेली माती झटकली.

"बरं झालं सांगितलंस. न्हाईतर मी उगंच वहिनीवर डूख धरून बसले असते."

त्या परत आल्या. स्नेहा भांडी पोत्यात भरत होती. दीपमालानं तिच्या हातातलं जड पातेलं घेतलं, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींकडं बघून काहीतरी बोलल्या. राजूबाईला ते ऐकू आलं नाही. तिच्याकडं दोघींपैकी कुणीच बघितलं नाही.

मग दीपमालानं थर्मासमधला चहा गेलासात ओतला. वाफ निघत होती. ती अप्पांकडं निघाली तशी राजूबाई लगबगीनं आडवी आली.

"आण हिकडं, मी देते. गरम आसंल."

तिनं गेलास धरायला हात पुढं केला. दीपमालानं तो तिच्या हातात दिला नाही. शेजारच्या पोत्यावर ठेवला, आईला उचलता येईल असा, आणि ती गाडीकडं निघून गेली.